दस्तगीरचाचांचा कागद

१७ फेब्रुवारी. मी मुदत संपलेली औषधं कपाटातून वेगळी काढत बसले होते. दस्तगीरचाचा आले आणि आदल्या दिवशी चाचीच्या दम्यासाठी नेलेल्या नेब्युलायझरचा खोका त्यांनी काउंटरवर उपडा केला.

"ताई, कागद न्हाई ह्यात."

इस्लामपुरात माझं मेडिकल आहे, चाचा मागच्या गल्लीत राहतात. एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते. माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचल्याशिवाय हा माणूस साधा थर्मामीटर तोंडात धरत नाही. एकदा वाचून होईस्तोवर ताप उतरला होता. कुणी घाई केली की म्हणायचे, "कागद काय म्हणतो ते बघू आधी." रक्तदाब मोजताना पाय जमिनीला टेकवावेत आणि गप्प बसावं, हे त्यांनी मला माझ्याच दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर वाचून दाखवलंय.

या खोक्यावर नुसता काळा-पांढरा चौकोन होता. मोबाइलनं स्कॅन करायचा, मग माहिती दिसते. कंपनीचा माणूस मला सांगून गेला होता, "मॅडम, आता नियमानं असं चालतं. झाडं तोडायला नकोत." चाचांकडे बटणांचा फोन. छापील प्रत मागता येते, असंही खोक्यावर बारीक अक्षरात होतं. कुठं मागायची? वेबसाइटवर. नियम करणाऱ्यांच्या घरी म्हातारी माणसं नसावीत.

"जुन्या मशीनचा कागद आहे ना? तो वाचा," मी म्हटलं. माझं काम अडलं होतं.

"त्योच वाचला की." त्यांनी खिशातून औषध घालायची प्लास्टिकची वाटी काढली. जुना कागद म्हणत होता, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. नव्या वाटीची पार जिलेबी झाली होती. "सकाळपासनं मशीन बंद हाय. चाचीला लय धाप लागलीय."

दुकानात सुटी वाटी होती. ती घेतली, शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघाले. चाची खाटेवर ओणवी बसून श्वास ओढत होती. मी वाटी जोडली, औषध घातलं, मास्क लावला. चाचा दोन मिनिटं दारात उभे राहिले. रिकामे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. मग बाहेर निघून गेले.

धाप जरा कमी झाल्यावर मी म्हटलं, "चाची, हे तर तुम्हालाही येतं. कागद कशाला हवा?"

"मला कुठं लागतोय? इतकी वर्सं लावतीय." तिनं मास्क खाली घेतला. "त्यास्नी लागतो. मला धाप लागली की त्यांच्यानं बघवत न्हाई. कागद असला की मान खाली घालून वाचत बसत्यात, हितं, माझ्याजवळ. नसला की हे असं, भायेर."

बाहेर चाचा न गळणाऱ्या नळाला पाना लावून आवळत होते.

१८ फेब्रुवारी. सकाळी दुकान उघडायच्या आधी झेरॉक्सवाल्याकडे गेले. मोबाइलमधलं माहितीपत्रक त्याला दिलं. मराठी पानं काढायची आणि अक्षर मोठं करायचं, असं सांगितलं. बावीस पानं होत होती.

"दोन्ही बाजूंनी काढतो, निम्म्यात बसेल," तो म्हणाला.

"नको," म्हटलं. "पानं जास्तच होऊ देत."