नऊ वर्षांपूर्वीची दाद

बाई गेल्याला तीन दिवस झाले होते आणि बयूमी एफेंदींच्या घरी अळकुड्यांची भाजी शिजत होती. पंच्याहत्तर साल कैरोत तसं रडकंच उगवलं होतं, त्यात फेब्रुवारीत बाई गेल्या. 'बाई' म्हणजे कोण, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही विचारावं लागत नाही. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बाई गायच्या आणि अख्खा देश कामधंदा टाकून रेडिओपाशी बसायचा. आता रेडिओवाले त्यांच्या जुन्या मैफली एकामागून एक लावत होते. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांतून एकच गाणं चालू होतं आणि माणसं नाकं पुसत ऐकत होती.

बयूमी एफेंदी पाटबंधारे खात्यात कारकून, म्हणून नावापुढं मानाचं 'एफेंदी'. भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून ते तोंडात घालणार, तेवढ्यात निवेदक म्हणाला, "आता ऐका जानेवारी सहासष्टची मैफल." तुकडा तोंडापाशीच थांबला. दुसऱ्या कडव्यानंतर काय येणार आहे, हे सगळ्या मिसर देशात त्यांना एकट्यालाच माहीत होतं. निदान त्यांची तशी समजूत होती.

भानगड अशी की त्यांची बायको इन्साफ ही बाईंची खरी भक्त. लग्नात तिनं ना बांगड्या मागितल्या ना अत्तर. एकदा बाईंना समोर बसून ऐकायचंय, एवढंच म्हणाली होती. 'पुढच्या हंगामात जाऊ' असं बयूमी दर हंगामात सांगत आले. आणि सहासष्टच्या जानेवारीत साहेबांची बायको बाळंत झाली, म्हणून साहेबांचं तिकीट बयूमींच्या हातात पडलं. एकच तिकीट. भला माणूस असता तर त्यानं ते बायकोला दिलं असतं. बयूमी एफेंदींनी घरी येऊन, झगाझीगची नबविया आत्या वारली आणि मातीला जावं लागतंय, असं पडल्या चेहऱ्यानं सांगितलं. धडधाकट म्हातारी, मांजरांना फटके मारत हिंडत होती. या पठ्ठ्यानं तिला मारून टाकलं आणि जाऊन तिसऱ्या रांगेत बसला.

तिथं बाईंनी एक ओळ चौथ्यांदा घोळवली आणि बयूमींचं भान सुटलं. ते उभे राहून ओरडले. मैफल थेट रेडिओवर चालू आहे, हे खाली बसल्यावर आठवलं आणि धाबं दणाणलं. पण दुसऱ्या दिवशी इन्साफनं मातीला किती माणसं होती एवढंच विचारलं. मैफलीचा विषयच काढला नाही. तिनं ऐकलं नाही, असं धरून बयूमी मोकळे झाले.

मोकळे कसले. मेलेली आत्या सांभाळणं जिवंत आत्या सांभाळण्यापेक्षा कठीण. दर ईदला इन्साफ आत्याच्या नावानं गोड पाव भाजायची आणि कबरस्तानातल्या गरिबांना वाटायला टोपली देऊन यांना झगाझीगला पाठवायची. एवढी टोपली कुठं टाकणार? बयूमी ती आत्याकडेच न्यायचे. आत्या आपल्याच नावाचे पाव चहात बुडवून खायची आणि सुनेला दुवा द्यायची. सुनेला एकदा घेऊन ये, असं दर वेळी म्हणायची. नऊ वर्षं हे चाललं होतं.

तर रेडिओवर दुसरं कडवं संपलं. बयूमींनी झडप घालून रेडिओ बंद केला. पण त्यांच्या एकट्याच्या रेडिओनं काय होणार? गल्लीतल्या चाळीस खिडक्यांतून एकाच वेळी त्यांचा आवाज आला. "पुन्हा बाई, पुन्हा! तुला सय्यदा झैनबची आण!" जाड सुरू होऊन शेवटी चिरकणारा तो आवाज. रॉकेलच्या गाडीवाल्याला गॅलरीतून याच आवाजात हाक जायची. पाच वर्षांपूर्वी या गल्लीत राहायला आल्यापासून तो सगळ्यांच्या कानात बसला होता.

समोरच्या कहवाखान्याचा मालक मुअल्लिम झनाती पळी हातात घेऊनच रस्त्यात आला आणि वर बघत राहिला. "बयूमी एफेंदी, तो तुम्ही होतात," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

बयूमींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. स्टोव्ह भर्रर्र चालू होता, इन्साफची पाठ होती. ते घाईनं खाली गेले आणि झनातीला म्हणाले की मी नव्हेच, आवाजासारखा आवाज असतो. झनातीनं त्यांना मिठी मारली. एवढा मोठा मान आणि माणूस नाही म्हणतोय, याला म्हणतात खानदानी विनय, असं त्यानं जमलेल्या लोकांना सांगितलं. दुःख तर सगळ्या गल्लीला झालं होतं, पण भेटायला जायचं कुणाकडे, सांत्वन करायचं कुणाचं, हा तीन दिवस प्रश्नच होता. आता माणूस सापडला. ज्याची दाद बाईंच्या कानात गेली, असा गल्लीत हा एकच.

संध्याकाळच्या आत बयूमींच्या दारात दुखवट्याचा मांडव पडला. खुर्च्या आल्या, कुराणपठणाला शेख आला, बिनसाखरेची कॉफी आली. दाराशी मयताच्या घरच्यांची खुर्ची असते, तिच्यावर बयूमींना बसवलं. शेजारच्या गल्ल्यांतली माणसं रांगेनं येऊन त्यांचा हात हातात घेऊ लागली. 'तो मी नाही' असं सांगायला त्यांनी चारदा तोंड उघडलं, आणि चारही वेळा लोकांना वाटलं की यांना हुंदका आला.

इन्साफला काय सांगायचं? बयूमींनी सांगितलं की आपलं दार रुंद आहे, म्हणून लोकांनी इथं मांडव घातला.

"दार रुंद आहे खरं," ती म्हणाली आणि कॉफीच्या कपांचं तबक खाली पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी झगाझीगचा एक संत्रीवाला गाडी घेऊन गल्लीतून गेला. मांडव कुणाच्या दारचा, असं त्यानं विचारलं. कुणीतरी म्हणालं, बयूमी एफेंदींच्या. संत्रीवाल्यानं मान हलवली आणि संध्याकाळी गावी जाऊन नबविया आत्याला सांगितलं की तुझा भाचा गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेख पठण करत होता, माणसं माना खाली घालून बसली होती, आणि गल्लीच्या तोंडाशी हंबरडा ऐकू आला. नबविया आत्या काळ्या चादरीत, ऊर बडवत, "पोरा, माझ्या आधी कसा रे गेलास?" असं करत सरळ मांडवात शिरली. पुरुषांच्या मांडवात बाईमाणूस, त्यामुळे शेख गप्प झाला. आत्या दाराशी आली. खुर्चीवर भाचा बसलेला. तिनं त्याला आधी हात लावून पाहिलं, मग दोन्ही गालांवर मुका घेतला, आणि मग सणसणीत थोबाडीत मारली.

"जिवंत आहेस तर मांडव कशाला घातलास मेल्या?"

बयूमींनी गाल चोळत मागं पाहिलं. जिन्यावर इन्साफ येऊन उभी होती. नऊ वर्षांपूर्वी पुरलेली आत्या समोर उभी आणि बायको बघतेय. संसार आता बुडाला, आणि तोही गल्लीदेखत, अशी त्यांची खात्री झाली.

"या आत्याबाई," इन्साफ म्हणाली. "प्रवासात काही खाल्लं नसेल. वर चला."

बयूमी मागोमाग जिना चढले. आत्या गादीवर बसली आणि भाजीवर तुटून पडली. दर ईदच्या पावांबद्दल तिनं सुनेला तोंडभरून आशीर्वाद दिले. माझे दात पडले तेव्हापासून मऊ भाजतेस, माणसाची जाण आहे तुला, असंही म्हणाली. बयूमींना आठवलं. कबरस्तानातले गरीब म्हातारे आहेत, त्यांना पाव चावत नाहीत, असं त्यांनी दोन वर्षांपूर्वी घरी सांगितलं होतं. त्यांनी इन्साफकडे पाहिलं. ती शांतपणे आत्यासाठी अंडं सोलत होती.

खाऊन आत्या तिथंच आडवी झाली आणि घोरू लागली.

"तुला कधी कळलं?" बयूमींनी विचारलं.

"त्याच रात्री. गुरुवारी मी रेडिओपाशी नाही, असं कधी झालंय का, अबू नवाल?" नवाल ही त्यांची मन्सूराला दिलेली मुलगी; अबू नवाल म्हणजे नवालचा बाप.

"मग बोलली का नाहीस?"

"राग आला होता. तुम्ही दारात आलात की टोपलं डोक्यात घालायचं ठरवलं होतं." तिनं अंड्याची टरफलं गोळा केली. "पण तुमचा तो आवाज. इतकी वर्षं संसार केला, एवढ्या आनंदानं तुम्ही ओरडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. नवाल झाली तेव्हाही नाही. म्हटलं, ज्या माणसाला एवढं मिळालं तो मला नेल्याशिवाय राहायचा नाही. पुढच्या हंगामात नेईल. तिथं शेजारी बसले की सांगीन, मला ठाऊक होतं म्हणून. दर वर्षी वाट बघितली. मग बाई आजारी पडल्या."

बयूमी एफेंदींना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. माझं चुकलं, असं ते दोनदा म्हणाले. मग काहीतरी करायला हवं म्हणून म्हणाले, "त्या मैफलीची कॅसेट निघालीय बाजारात. उद्या आणतो."

"तिच्यात तुम्ही ओरडता," इन्साफ म्हणाली.

तिनं उठून काळी चादर अंगावर घेतली, चेहरा धुतला. आत्याबाईंना आता पुन्हा मारू नका, या घरात एक मयत पुरे आहे, असं सांगून ती जिना उतरू लागली. बायका वर बसतात, खाली पुरुष असतात, हे बयूमींनी मागून सांगून पाहिलं. ती थांबली नाही.

मांडवात सगळ्यांनी माना वर केल्या. इन्साफ सरळ दाराशी गेली आणि बयूमींच्या खुर्चीवर बसली. तीन दिवस घराकडे बघून रडणारे ते लोक एकमेकांकडे बघू लागले. बयूमी मागे कॉफीचं तबक धरून उभे होते. शेवटी मुअल्लिम झनाती उठला, पुढं आला आणि छातीवर हात ठेवून त्यानं रिवाजाप्रमाणे म्हटलं, "बाईंचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो."

"तुम्हालाही लाभो," इन्साफ म्हणाली, आणि बाई गेल्यापासून पहिल्यांदाच रडली.