गुप्ते आणि हिरवं बटण

शेजारचे गुप्ते आमच्याकडे आले की लगेच बेल वाजवत नाहीत. आधी बटणाकडे नीट बघतात, त्यावरून बोट फिरवतात आणि दार उघडल्यावर म्हणतात, "अंधारात हे कुणाला सापडणार?" आमच्या कर्जतच्या एका दवाखान्याचं दार 'ढकला' लिहूनही सगळे ओढायचे. गुप्त्यांनी डॉक्टरांच्या मागे लागून त्याची मूठच काढायला लावली. तेव्हापासून सगळे ढकलतात, हेही खरं.

गुप्ते एका मोठ्या मोबाइल कंपनीसाठी घरी बसून काम करतात. फोनच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे आणि केवढं, हे ठरवायचं. वीस वर्षं त्यांच्या वर एकच मॅडम होत्या. काहीही नवीन दाखवलं की त्या आधी विचारायच्या, चष्मा नसलेल्या माणसाला हे दिसेल का? दोन वर्षांपूर्वी मॅडम कंपनी सोडून गेल्या. नंतर आलेल्या साहेबांनी सगळं गोल केलं आणि वर्षभरात तेही गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी सगळं फिकट केलं. "आधीच्याने असं का केलं होतं, ते कुणी विचारतच नाही हो," गुप्ते मला सांगायचे.

गेल्या महिन्यात आम्ही बाजारात गेलो, तर ठाकुरवाडीहून भाजी आणणारी हिराबाई फोन हातात धरून नुसती बसलेली. फोन गुप्त्यांच्याच कंपनीचा; त्याचा पडदा आपोआप बदलला होता आणि फोन लावायचं हिरवं बटण जागेवर नव्हतं. पोशीरला दिलेली तिची मुलगी बाळंत व्हायची होती आणि चार दिवस हिला फोन लावता आला नव्हता. आपल्याच हातून बिघडला असं वाटून कुणाला विचारायचीही तिला लाज वाटत होती.

गुप्ते टोपलीशेजारी मातीतच बसले. त्यांनी जुनी मांडणी शोधून काढली, अक्षरं मोठी केली आणि तिच्याच बोटाने फोन लावायला लावला. मुलगी बोलली. नातू दोन दिवसांचा झाला होता.

हिराबाई डोळे पुसत हसायला लागली, तर गुप्ते माफी मागत सुटले. चूक तुमची नाही, आमची. हे बटण हलवू नका असं बैठकीत सांगितलं, तर कुणी उत्तरसुद्धा दिलं नाही. मॅडम असत्या तर असं झालं नसतं. बैठकीतलं हे मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

हिराबाईने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे त्या बाई गेल्यापास्नं तुमी तिथं एकलेच हाय का?"

"हो," गुप्ते म्हणाले.

तिने आपल्याखालचं गोणपाट अर्धं त्यांच्याकडे सरकवलं. बाजार उठेपर्यंत ते तिथेच बसून होते.