मुंगीचं वजन आणि कलम सात

४७.८२

बिस्किट कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांना सगळं ऑफिस पाठीमागे ‘झालंच समजा’ म्हणायचं. अध्यक्षांनी काहीही सांगितलं की साहेबांचं उत्तर तेच असायचं. नवा जिना रंगवायचाय? झालंच समजा. संप मिटवायचाय? झालंच समजा. त्यामुळे अध्यक्ष जेव्हा म्हणाले, “गरीब घरातला एखादा खेळाडू पुढे आणा, आपल्या बिस्किटांवर वाढल्यासारखा दिसला पाहिजे,” तेव्हा साहेबांनी वहीसुद्धा उघडली नाही.

आणि झालंही. सत्तावीस अर्जांतून त्यांनी मुंगी शोधून काढली. वय सतरा, उंची दाराच्या कडीला जेमतेम हात पुरेल इतकी, आईचं कपड्यांना इस्त्री करायचं दुकान. स्वतःच्या वजनाच्या पावणेदोन पट लोखंड डोक्यावर धरते म्हणून व्यायामशाळेने तिचं नाव मुंगी ठेवलेलं. गट अठ्ठेचाळीस किलोपर्यंतचा.

आज वेटलिफ्टिंगची निवड स्पर्धा होती. पहिल्या दोघींना क्रीडा वसतिगृहात जागा : राहणं, जेवण, सराव, सगळं. तिसरीला टाळ्या. आईने सकाळीच सांगून ठेवलं होतं, “झालं तर जा. नाही झालं तर उद्यापासून इस्त्री धर. मला आता एकटीला होत नाही.”

सराव खोलीतल्या काट्यावर मुंगी भरली सत्तेचाळीस किलो आठशे वीस ग्रॅम. कोचबाई खूश झाल्या. “अधिकृत वजन होईपर्यंत तोंडाला कुलूप,” असं बजावून त्या कागदपत्रांच्या रांगेत गेल्या. जाताना म्हणाल्या, “साहेब, पोरीकडे लक्ष ठेवा.”

“झालंच समजा,” साहेब म्हणाले.

(साहेबांनी नंतर अध्यक्षांना एक अहवाल दिला. त्यातली वाक्यं अशी कंसात येतील. त्यांच्यावर विश्वास ठेवायची सक्ती नाही.)

काटा नाही, कॅमेरा आहे

लक्ष ठेवायचं तर कॅमेऱ्यातून का नको, असा साहेबांचा विचार. निळा पडदा टांगलेला होता, दिवे लागले होते, फोटोग्राफर आला होता.

“नुसतं हातात धरून हसली की खोटं वाटतं,” फोटोग्राफर म्हणाला. “चावा पाहिजे.”

मुंगी काल संध्याकाळपासून उपाशी होती. ती हळूच म्हणाली, “सर, अजून माझं वजन व्हायचंय.”

“अगं, आमचं बिस्किट हलकं असतं. पाकिटावरच लिहिलंय.”

पहिल्या चाव्यात तिचे डोळे मिटले. दुसऱ्यात ओठाला चुरा लागला. तिसऱ्यात गंभीर चूक झाली : बिस्किटावर उठवलेलं कंपनीचं नाव आधी तोंडात गेलं.

“नाव बाहेर राहू दे. उलट्या बाजूने चाव.”

चौथं उलट्या बाजूने चावलं, तर नाव उलटं आलं. पाचव्यात ती हसली नाही. सहाव्यात जास्त हसली. नववं निर्दोष होतं, पण चौकटीत साहेबांचा अंगठा होता.

“सर, थुंकून टाकू का?”

“कंपनीचं बिस्किट? कॅमेऱ्यासमोर?”

मुंगीने गिळलं. बाराव्यानंतर फोटोग्राफरला दुधाची मिशी हवीशी वाटली. मिशी पहिल्या ग्लासात नीट उमटली नाही.

(अहवालात : खेळाडूने उत्पादनाला उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.)

४८.६२

वजनाच्या खोलीला पडदा होता आणि आत पुरुषांना मज्जाव. साहेब पडद्याबाहेर घड्याळ बघत उभे राहिले. वजनाचा तास संपायला पन्नास मिनिटं होती. तेवढ्या वेळात कितीही वेळा काट्यावर चढता येतं. तास संपला की गटातून बाद.

आतून पंचबाईंचा आवाज आला. “अठ्ठेचाळीस सहाशे वीस.”

मग कोचबाईंचा. “जॅकेट काढ आधी.”

“थांबा,” साहेब बाहेरून म्हणाले. “कलम सात.”

करारातलं कलम सात साहेबांनी स्वतः लिहिलं होतं. स्पर्धेच्या जागी पाऊल ठेवल्यापासून बाहेर पडेपर्यंत खेळाडूच्या अंगावर कंपनीचं चिन्ह राहील. अध्यक्षांना ते शेवटच्या रांगेतून दिसायला हवं होतं, म्हणून जॅकेटच्या पाठीवर तीन थरांचं भरतकाम झालं होतं. पाठीला पायपुसणं शिवल्यासारखं ते दिसायचं.

“साहेब,” कोचबाई पडद्याआडून म्हणाल्या, “तुमचं चिन्ह एकटं पाव किलो आहे. ते वसतिगृहात जाणार आहे की पोरगी?”

साहेबांनी अध्यक्षांना फोन लावला.

“आत कॅमेरा आहे का?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही सर.”

“माणसं?”

“तीन बायका आणि एक काटा.”

“मग दाखवताय कुणाला? काढू दे.”

४८.२१

कोचबाई पडदा सारून बाहेर आल्या. मागोमाग जॅकेट हातात धरून मुंगी.

“सकाळी एकशेऐंशी ग्रॅम खाली होतीस. काय खाल्लंस?”

मुंगीने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी फोटोग्राफरकडे. फोटोग्राफर भिंगावर फुंकर मारत होता.

“बारा बिस्किटं,” मुंगी म्हणाली. “आणि दूध. दोनदा.”

कोचबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “साहेब, दहा महिने मी हिचा एकेक घास मोजलाय. घरी भात उकळतोय म्हणून ही बाहेर पायरीवर बसायची. आणि तुम्ही अर्ध्या तासात…”

साहेबांच्या आयुष्यात ही पहिलीच वेळ, की तोंड उघडलं आणि आत वाक्य नव्हतं. पण फार वेळ नाही.

“दोनशे दहा ग्रॅमच ना? झालंच समजा. मी खायला लावलं, मी पळणार.”

“तुम्ही पळून हिचं वजन कसं उतरेल?”

“सोबत म्हणून.”

स्टेडियमचा जिना सहासष्ट पायऱ्यांचा. मुंगी अठ्ठेचाळीस किलोंची, साहेब चौऱ्याण्णवचे. ती चौथ्यांदा खाली येत होती तेव्हा ते दुसऱ्यांदा वर जात होते. तिच्यासारखंच जॅकेट त्यांनीही चढवलेलं, गळ्यापर्यंत चेन ओढून.

“सर, तुम्ही बसा.”

“चालू दे तुझं.”

“पाणी तरी प्या.”

“तुला नाही तर मलाही नाही,” साहेब म्हणाले आणि कठडा धरून तीन पायऱ्या चढले.

(अहवालात : अधिकाऱ्यांनी खेळाडूच्या तयारीत प्रत्यक्ष सहभाग घेतला.)

४८.०९

अकरा मिनिटं उरली.

“बस्स,” कोचबाई म्हणाल्या. “आता एक पायरीसुद्धा नाही. बारखाली पोर उभी राहायला पाहिजे.”

मुंगीने पाठीवरची वेणी पुढे घेतली आणि हातात तोलून बघितली, भाजीवाली जुडी तोलून बघते तशी.

“बाई, हिचे नव्वद ग्रॅम होतील का?”

“कात्री कुठे आहे इथे?” कोचबाई म्हणाल्या.

कात्री साहेबांकडे होती. कुठेही फीत कापायची वेळ येऊ शकते म्हणून ते ती कायम बॅगेत बाळगायचे. त्यांनी ती बाहेर काढली, आणि मग दचकून मागे घेतली.

“पण जाहिरातीत वेणी आहे. सगळ्या फोटोंत आहे.”

“सर,” मुंगी म्हणाली, “केस परत येतात. ही जागा परत येणार नाही.”

साहेबांनी कात्री दिली. कोचबाईंनी मानेपाशी धरून कराकरा वेणी कापली, आणि कुठे ठेवायची ते न सुचल्याने साहेबांच्या हातात दिली. साहेब ती दोन्ही हातांवर घेऊन पडद्याबाहेर उभे राहिले. जाणारेयेणारे जरा लांबून जात होते.

४८.००

“अठ्ठेचाळीस,” पंचबाई म्हणाल्या. “अगदी नेमकं. सही करा.”

पडद्याबाहेर साहेब भिंतीला टेकून खाली बसले.

शेवटचा प्रयत्न

सहापैकी पाच प्रयत्नांनंतर मुंगी तिसरी होती. शेवटच्यासाठी कोचबाईंनी बारवर चौऱ्याऐंशी किलो सांगितले. एवढं तिने सरावात एकदाच उचललं होतं.

साहेब पहिल्या रांगेत होते. घसा कोरडा, पोटऱ्यांत गोळे, जॅकेट अजून अंगावर.

मुंगीने हातांना खडूची पूड चोळली. बार छातीवर आला. ती उठली. बार एका अंगाला कलला, आणि क्षणभर वाटलं की आता इस्त्रीच. मग बार वर गेला आणि वरच थांबला, कुणी खुंटीला अडकवल्यासारखा. उचल मान्य झाल्याचे तीन पांढरे दिवे लागले. मुंगी दुसरी आली.

साहेब टाळ्या वाजवायला उठले. पहिली टाळी वाजली. दुसरीच्या आधी ते आडवे झाले.

लोक ‘पाणी, पाणी’ करत एकमेकांकडे बघत राहिले. मुंगी मंचावरून खाली उडी मारून आली, साहेबांच्या काखेत खांदा घातला, आणि अख्ख्या स्टेडियमसमोर त्यांना खांद्यावर घेऊन डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी

फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला. खाली ओळ : ‘वसतिगृहासाठी निवड झालेली खेळाडू एका बेशुद्ध प्रेक्षकाला हलवताना.’

अध्यक्षांनी अहवाल बाजूला सारला आणि पेपर पुढे ओढला.

“वा. चिन्ह काय स्वच्छ आलंय. पोरीच्या पाठीवर ते आखडल्यासारखं दिसतं. याच्या पाठीवर बघा कसं पसरलंय.” त्यांनी चष्मा वर केला. “हा कोण?”

चेहरा फोटोत पलीकडे लोंबत होता.

“एखादा प्रेक्षक असावा, सर.”

“शोधून काढा त्याला. पुढच्या वर्षी यालाच घेऊ.”

“शोधतो, सर,” साहेब म्हणाले, आणि टेबलाचा आधार घेत, पोटऱ्या सांभाळत, बेताबेताने खुर्चीत बसले.