समतेला सूट नाही

उत्तर क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरच्या एका बंदर महामंडळाने स्त्री-पुरुष समता आणायचं ठरवलं, आणि ती आणण्यात काडीचीही कसूर ठेवली नाही. ठराव झाला की यापुढे वरिष्ठ श्रेणीतली किमान एक स्त्री हजर असल्याशिवाय कुठलीही निवड समिती वैध धरली जाणार नाही. ठरावावर अकरा पुरुषांनी एकमताने सह्या केल्या.

वरिष्ठ श्रेणीत स्त्री एकच होती, उपबंदरप्रमुख केरिन हॅलोरन. मग काय विचारता! क्रेनवाले निवडायचे, बसवा केरिनला. हिशेबनीस निवडायचा, केरिन. शाळकरी मुलींना इंजिनिअरिंगची शिष्यवृत्ती, केरिन. कॅन्टीनला खिम्याचे मीट पाय कोणी पुरवायचे, तिथेसुद्धा केरिन! तिचं स्वतःचं काम होतं जहाजं सुखरूप धक्क्याला लावायचं. ते बिचारी रविवारी उरकायची.

अशात बंदरप्रमुख निवृत्त झाले आणि गाडीला कॅराव्हॅन जोडून मासे पकडायला निघून गेले. दर चक्रीवादळात हे बंदर केरिनने सांभाळलं होतं, प्रमुख तेव्हा नेमके रजेवर असत. ही खुर्ची तिला हवी होती. अगदी मनापासून हवी होती, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे? तिने अर्ज केला.

दुसऱ्याच दिवशी समता विभागाच्या ट्रिस्टनने तिला बोलावलं.

"बस गं केरिन. काय अर्ज लिहिलायस! वाचून डोळे भरून आले माझे. फक्त एक सांग, तू उमेदवार झालीस तर समितीवर कोण बसणार?"

"दुसरी कोणीतरी."

"त्या श्रेणीत दुसरी आहे कुठे?"

"मग द्या ना एखादीला बढती!"

"द्यायचीच आहे. पण बढतीला समिती लागते, समितीला तू लागतेस, आणि तुझ्या तारखा वर्षभर भरल्यात."

"बाहेरून बोलवा एखादी."

"घरची असताना बाहेरची? तुझाच अपमान नाही का तो?"

"मग एकदा, फक्त एकदा, नियमातून सूट द्या."

ट्रिस्टनचा चेहरा पडला. "समतेला सूट? आणि ती तू मागतेस? एका बाईने?"

केरिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग ऐक. माझा अर्ज राहणार. आणि आजपासून मी कुठल्याही समितीवर बसणार नाही. काय घालायचा तो गोंधळ घाला!"

शाबास! आता महामंडळ ताळ्यावर येईल, असं तिला वाटलं. महामंडळाने फक्त नियम पाळला. स्त्री नाही, म्हणून समिती नाही. समिती नाही, म्हणून भरती बंद.

त्या आठवड्यात टालिया नावाच्या हंगामी क्रेनचालक मुलीची कायम होण्याची मुलाखत होती. ती रद्द झाली. टालिया केरिनच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुझ्यावर राग नाही हं माझा," ती म्हणाली. "तुझं बरोबरच आहे. फक्त माझा करार शुक्रवारी संपतोय, आणि पोरगी लहान आहे."

"ट्रिस्टनला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाला, आमचे हात बांधलेत, केरिनला विचार."

केरिनने ट्रिस्टनला फोन लावला; तो म्हणाला, समितीवर परतायचं तर अर्ज सोडावा लागेल. मग तिने अर्ज मागे घेतला.

गुरुवारी ती समितीवर बसली आणि टालिया कायम झाली. पुढच्या सोमवारी बंदरप्रमुखाची निवड होती. उमेदवारांत त्यातल्या त्यात बरा ब्रोडी. भरती-ओहोटी कशाशी खातात हे त्याला केरिननेच शिकवलं होतं.

"तुमचं बलस्थान काय?" केरिनने विचारलं.

"मी तुझ्या हाताखाली तयार झालोय," ब्रोडी प्रामाणिकपणे म्हणाला.

उत्तर बिनतोड होतं. केरिनने त्याला पूर्ण गुण दिले. निवड एकमताने झाली आणि शंभर टक्के वैध ठरली.

महिनाभराने महामंडळाला समतेचं मानपत्र मिळालं, कारण त्यांची एकही निवड समिती स्त्रीविना भरली नव्हती. सकाळच्या चहाला सगळ्यांनी घरून काहीतरी करून आणायचं ठरलं. म्हणजे बायकांनी आणलं. केरिनने खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक आणले, ट्रिस्टनने भाषण. लॅमिंग्टन लवकर संपले.

चहाच्या टेबलापाशी गोदामाचा मुकादम डीन बोटं चाटत शेजाऱ्याला म्हणत होता, "एवढे दिवस भरती अडवली कोणी? त्या पोरीच्या पोटावर पाय द्यायला निघालं होतं कोण? बाईच ना? अरे, बाईच बाईची वैरी असते!"

हे वाक्य इतक्या लांब क्वीन्सलंडला कोणी नेलं, देव जाणे. तुम्ही नाही नेलंत, मला ठाऊक आहे. तुम्ही तसं कधी बोलणारसुद्धा नाही. टालिया दारात येऊन उभी राहिली तेव्हा तुमच्या फक्त मनात आलं होतं, की या केरिनने जरा समजून घ्यायला हवं.