नेकनूरचा स्नोफॉल

गारा थांबल्या तशा सुभद्राबाई फुटलेलं टरबूज लेकरासारखं कडेवर घेऊन सुनिताच्या दारात उभ्या राहिल्या. सुनिता गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि नुकसानीचा अर्ज मोबाइलवर इंग्रजीत भरायचा होता.

"दोन एकर झोडपलं बगा. तेवढं नीट भरा, मॅडम. यावरच पुढचं समदं हाय."

'नुकसानीचं कारण' दाबल्यावर भलीमोठी यादी उघडली. 'हेलस्टॉर्म'पाशी सुनिता अडखळली. स्टॉर्म म्हणजे वादळ, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"मावशी, वारं होतं का?"

"कशाचं वारं! पान हलत न्हवतं."

मग वादळ कसं लिहायचं? खोटं लिहिणं तिला जमणारं नव्हतं. वरून पडला तो बर्फच. यादीत खाली 'स्नोफॉल' होतं. तिनं विचारपूर्वक ते निवडलं. "मॅडमनी भरलं तेच भरा," म्हणत संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस जणांनी तेच भरलं.

तिसऱ्या दिवशी टळटळीत उन्हात पाहणीची जीप आली. भागवतसाहेब लगबगीनं उतरले.

"कुठाय बर्फ?"

"कसला बर्फ, सायेब? गारा पडल्या," जमलेल्या शेतकऱ्यांतला परमेश्वर म्हणाला.

साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "गारांना हेलस्टॉर्म म्हणतात, वारा असो नसो! स्नोफॉल कुणी सांगितलं?"

सगळ्यांनी अभिमानानं सुनिताकडं बोट केलं. तिचे कान तापले.

"चूक माझी आहे," ती कशीबशी म्हणाली.

"मॅडम चुकत न्हाईत!" सुभद्राबाई उसळल्या. "सायेब, तुमच्याच मोबाइलात काईतरी बिघडलं आसंल."

सुनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही मावशी, मीच चुकले. साहेब, माझ्यापायी यांचे अर्ज रद्द करू नका."

साहेबांनी तिला बाजूला घेतलं. "रद्द न्हाई करत. पंचनाम्यात दुरुस्ती करतो." मग आवाज आणखी खाली आणला. "एकानं लिहिलं असतं तर हसलो असतो, मॅडम. पण त्रेचाळीस जण! म्हटलं, आसंल बी." त्यांनी जीपकडं न बघताच मानेनं तिकडं खूण केली. "आता आतल्यांना तुमीच सांगा."

जीपची काच खाली आली. आत साहेबांच्या मिसेस स्वेटर घालून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर लोकरीच्या टोपीतली, घामानं निथळणारी पाच वर्षांची मुलगी, हातात खेळण्यातलं फावडं.

"बर्फ कुठंय?" तिनं विचारलं.

वर्गात सुनिता अर्ध्या मिलिमीटरचीही चूक खपवून घेत नसे. ती काचेपाशी वाकली.

"वितळला गं," ती म्हणाली. "परवा यायला पाहिजे होतं."