वानखेडे भाऊजी गाडी दाखवतात

गिऱ्हाईक गाडी बघायला आलं की शेजारचे वानखेडे भाऊजी आधी त्याला जमिनीवर आडवं करत. "लेटिए," म्हणत आणि स्वतः वर्तमानपत्र पसरून गाडीखाली सरकत. "ऊपर से तो सब अच्छे दिखते हैं." माणूस मूळचा नागपूरचा. इथे हिंदी मुलखात येऊन फॅक्टरीत तीस वर्षं ट्रक तपासून निवृत्त झालेला. बॉनेटकडून गाडी बघणारा त्यांच्या लेखी लग्नात फक्त जेवायला येणाऱ्यांपैकी.

गाडी माझ्या नवऱ्याची, सुधीरची. डबल केबिनचा पिकअप, पाच माणसं आत आणि मागे हौदा. इतका लांब की महाराजपूरच्या आमच्या गल्लीत तो वळवताना तीन घरांतल्या बायका बाहेर येऊन सूचना देत. सुधीर गेला. गाडी विकली की मी पुण्याला मुलीकडे जायचं, असं ठरलं. विक्रीचं काम भाऊजींनी आपण होऊन अंगावर घेतलं, आणि तिथेच सगळं अडकलं.

सराफ्यातले एक शेठ पांढरेशुभ्र कपडे घालून आले. आडवे व्हायला तयार होईनात. "सोना ढोएँगे इसमें?" भाऊजींनी विचारलं. "भैया, इसमें भैंस आती है. आप स्कूटर लीजिए." बँकेतल्या एका साहेबांना त्यांनी बजावलं, की मागच्या सीटवर सासू बसवली तर दर खड्ड्याला ती छताला लागेल. साहेबांचा चेहरा एकदम खुलला. ते हो म्हणणार, एवढ्यात भाऊजी घाईघाईने म्हणाले, "लेकिन डीजल बहुत पीती है."

"भाऊजी, तुम्ही गाडी विकताय की वाचवताय?"

"वहिनी, मी खरं ते सांगून राहिलो. आमच्या फॅक्टरीत खोटं पास नव्हतं होत."

मग सिहोऱ्याचा एक भाजीचा व्यापारी आला. न सांगता गाडीखाली गेला, सगळे दोष ऐकून घेतले आणि पाठ झटकत उठला. "इतनी बुराई बता दी, मतलब अब कोई बची नहीं. कल सुबह ले जाऊँगा."

भाऊजींनी गाडीखालचं वर्तमानपत्र ओढून काढलं आणि घडी करून काखेत मारलं.

संध्याकाळी सहाला बाहेर आले, तर ते गाडीत बसलेले. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, पट्टा लावून. रोज याच वेळी ते आणि सुधीर असे बसत, गाडी चालू न करता. मला वाटे, इंजिनाबद्दल काही चाललं असेल.

"सून हिंदी, नातवंडं हिंदी," समोरच्या काचेकडे बघत ते म्हणाले. "मराठी समजते त्यांना, पण उत्तर हिंदीत येते. मराठीत भांडायला सुधीरच होता. आता गाडी चालली. तुम्हीपण चालल्या."

मी ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसले. सांत्वन करणं मला जमत नाही. गेले चार महिने लोक माझं करतात, तेही मला नीट घेता येत नाही. मग म्हटलं,

"भाऊजी, नागपूरची संत्री उगाच नावाजलीत. आंबट असतात."

त्यांनी पट्टा काढला आणि पुरते माझ्याकडे वळले.

"काहून वहिनी? कुठून आणून राहिल्या तुम्ही संत्री?"

मी माझ्या बाजूचं दार आतून ओढून घेतलं आणि नीट टेकून बसले.