करंजवाडीनं साहेबांना अटक केली

सरकारी प्रसिद्धी खात्यातल्या मल्लिकार्जुन बिराजदार यांचा आपल्या माहितीपटावर भारी विश्वास! "भाषणानं गाव झोपतंय, जिलानीभाई. पडद्यावर दाखवा, अर्ध्या तासात कायदा तोंडपाठ होतोय का नाही बघा!" असं ते जीपमध्ये बसून सांगत होते. प्रोजेक्टर आणि जीप दोन्ही चालवणारा जिलानी नुसता "हाव साब" म्हणत खड्डे चुकवत होता.

माहितीपट होता अटक झालेल्या माणसाच्या हक्कांवर आणि गाव होतं उदगीरकडचं करंजवाडी. जिल्हा नुकताच फुटून नवा झालेला, वर दुष्काळ. करंजवाडीची विहीर तळाला गेलेली आणि टँकरचा अर्ज जुन्या जिल्ह्यातून नव्यात, नव्यातून जुन्यात चेंडूसारखा उडत होता. "तुमचं गाव आमच्याकडं नाही!" दोन्हीकडून एकच उत्तर. पण बिराजदारसाहेबांना त्याची काय खबर? जीपमागं अख्खं गाव धावत आलेलं बघून त्यांना वाटलं, काय ही ज्ञानाची तहान!

शाळेच्या खिडक्यांना वाकळा लावून अंधार केला. पडद्यावर फौजदारानं एका गरिबाला धरलं, वकिलानं कायदा सांगितला, गरीब सुटला. टाळ्या!

"सांगा, अटक करताना पहिलं काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"कारण सांगायचं!" गाव गरजलं.

"मग?"

"घरी कळवायचं!"

"आणि मारायचं का?"

"न्हाई! खायला घालायचं!"

साहेबांची छाती अशी फुगली की सफारीची बटणं घाबरली! तेवढ्यात रोजंदारीवर जाणारी कोंडाबाई उठली. "साहेब, आमाला समदं कळलं. आता तुमाला अटक हाय."

साहेब खो खो हसले. गाव बाहेर गेलं, दाराला कडी लागली, तेव्हा त्यांना कळलं की आपण एकटेच हसतोय.

"अहो, कारण काय?" ते ओरडले.

कोंडाबाईनं खिडकीची वाकळ बाजूला सारली. "सांगते की! टँकर येईस्तोवर सरकारी माणूस सोडायचा न्हाई. हे झालं कारण."

"बाई, हा माहितीपट तुमच्या हक्कांसाठी होता!"

"मग हक्कानंच धरलंय की!"

कायद्यात गाव कुठंच चुकलं नाही. सरपंच गुंडप्पांनी स्वतः भाकरी-पिठलं आणलं. तांब्याभर पाणी दिलं, तेही गाळून. त्या तांब्यासाठी कुणाचं तरी पोर तहानेलं राहिलं असणार, हे साहेबांना घोट घेतल्यावर सुचलं आणि त्यांनी तांब्या खाली ठेवला.

घरी कळवायला, म्हणजे साहेबांच्या जिल्हा कचेरीला फोन करायला, जिलानीला जीप देऊन तालुक्याला धाडलं. उन्हं उतरताना तो परत आला, पडलेल्या चेहऱ्यानं.

"साब, पुराना जिल्हा बोल्या, वो तो नये में गये. नया जिल्हा बोल्या, ऐसा आदमी हमारे पास आयाच नै!"

आता घ्या! एवढी वर्षं नोकरी केली आणि साहेब कुठल्याच जिल्ह्यात नाहीत!

"अगं बया," कोंडाबाईनं कपाळाला हात लावला, "ह्यो बी आपल्यासारखाच की!"

गुंडप्पांनी कडी काढली. "जावा साहेब. तुमाला धरून टँकर तर सोडाच, बादली बी यायची न्हाई."

कोंडल्याचं साहेबांना एवढं लागलं नव्हतं, जेवढं हे सोडणं लागलं! ते तडक तालुक्याच्या कचेरीत गेले आणि तिथल्या साहेबांच्या टेबलापुढं जमिनीवर मांडी घालून बसले. "करंजवाडीला टँकर द्या, नाहीतर मला अटक करा. पण आधी कारण सांगा, घरी कळवा आणि पिठलं मागवा!"

हे येडं एकदाचं उठावं म्हणून त्या साहेबांनी टँकरच्या हुकमावर सही ठोकली.

टँकर गेला. ड्रायव्हर परत येऊन थेट बिराजदारांकडं आला. आता कौतुक ऐकायला मिळणार म्हणून साहेबांनी कॉलर नीट केली.

"करंजवाडीचा निरोप हाय. पाणी मिळालं, लई उपकार झाले."

"आणखी काही म्हणाले?"

"हाव. आता गावाला पक्की सडक पाहिजे म्हणले. तर पुढच्या पिच्चरला जरा मोठा साहेब धाडा."